फोटोत उभा असलेला माणूस कोण, ते पण छापा की!

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बॉक्सर मुहम्मद अलीवर पानभर लेख आला. लेख चांगलाय, त्याबद्दल काही म्हणणं नाही, अली आमचा पण लाडका. पण लेखासोबत जो मोठ्ठा फोटो टाकलाय, अली पाठीवर आडवा, पाय वर, बुटाचे लाल गोंडे उडालेत आणि हिरव्या चड्डीतला एक बुटका दणकट गडी बाजूला निघालाय, त्या फोटोखाली ओळ काय, तर "१९७१ च्या लढतीत अली व प्रतिस्पर्धी". मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. म्हणजे जो पडला त्याचं नाव छापलं आणि ज्यानं पाडलं तो नुसता प्रतिस्पर्धी? आमच्याकडं कुस्तीच्या बातमीत असं छापलं असतं तर गावातनं पेपर बंद झाला असता तुमचा.

साहेब, त्या गड्याचं नाव जो फ्रेझर. स्मोकिंग जो. ऑलिंपिक गोल्ड मेडल, जगाचा हेवीवेट चॅम्पियन, आणि तो फोटो आहे ८ मार्च १९७१ चा, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला, पंधराव्या म्हणजे शेवटच्या राउंडचा. ती फाइट फ्रेझर जिंकला होता. तुमच्या लेखात या फाइटवर एकच वाक्य आहे, "कमबॅकनंतर अलीला एक पराभव पत्करावा लागला". कुणाकडनं पत्करावा लागला ते नाही. वाऱ्यानं पडला काय?

पत्र जरा लांबणार आहे, कात्री लावायची असेल तर लावा, पण आधी वाचा तरी.

हा माणूस १९४४ साली साउथ कॅरोलिना राज्यात ब्युफोर्ट नावाच्या गावाजवळ जन्मला. आईबापाचं बारावं पोर. दहा एकर जमीन, ती पण अशी निकस की धड पीक येईना, म्हणून बाप आणि आई दुसऱ्यांच्या शेतावर राबायचे आणि बाप वर हातभट्टी लावायचा. बापाचा डावा हात पोरगं जन्मायच्या आधीच गोळी लागून गेलेला, त्यामुळं जो जरा चालायला लागल्यापासून बापाच्या डाव्या बाजूला उभा. बापानं उजव्या हातानं वस्तू धरायची आणि डाव्या हाताचं काम या पोरानं करायचं, खिळा धर, दोरी ओढ, पाना धर. पुढं ज्या डाव्या हुकानं, म्हणजे कोपरात वाकवून बाजूनं मारलेल्या ठोशानं, जगाला झोपवलं तो डावा हात लहानपणी अक्षरशः बापाचा हात होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेपर बाजूला ठेवून गप बसलो होतो, कारण आमच्या वडिलांची डाव्या हाताची तीन बोटं प्रेसमध्ये गेली होती आणि त्यांच्या सदऱ्याची बटणं लावायचं काम कितीतरी वर्षं माझ्याकडं होतं.

तर तो डावा हात. घरात एक भलामोठा डुक्कर होता, तीनशे पौंडाचा म्हणतात, त्याला पोरानं काठीनं डिवचलं आणि फाटक राहिलं उघडं. डुक्कर मागं लागला, पोरगं पळताना विटेवर आपटलं आणि डावा हात मोडला. डॉक्टरला द्यायला पैसे कुठले, हात आपोआप जसा जुळला तसा जुळला आणि कोपरातनं वाकडाच राहिला, परत कधी सरळ झाला नाही. आता बॉक्सिंगमध्ये हूक मारायला हात कोपरात वाकलेलाच लागतो! बाकीच्यांना वस्ताद ओरडून ओरडून शिकवतात ते या गड्याला त्या डुकरानं फुकट देऊन टाकलं. हसू येतं आणि वाईट पण वाटतं.

घरात ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला तसं सगळी आळी फाइट बघायला जमायची, आई लोकांना ड्रिंक विकायची, आणि एका रात्री मामा-काका कोणीतरी या जाड्या पोराकडं बघून म्हणाला की हा दुसरा जो लुईस, म्हणजे तो गाजलेला हेवीवेट चॅम्पियन, होणार. झालं. दुसऱ्या दिवशी पोरानं एक गोणपाटाची पिशवी घेतली, त्यात चिंध्या, मक्याची कणसं सोललेली, झाडाचं शेवाळ आणि मधोमध एक वीट भरली, झाडाला टांगली आणि रोज तासभर तिला बडवायला लागला. वर्षानुवर्षं. वीट मधोमध, लक्षात घ्या.

तिकडं त्या काळात काळ्या माणसाचं जगणं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. शेतमालकानं एका बारा वर्षांच्या पोराला ट्रॅक्टर बिघडवला म्हणून पट्ट्यानं मारलं, ते जोनं पाहिलं आणि चार जणांना सांगितलं. मालक म्हणाला तुला पण पट्टा दाखवतो, तर हा म्हणाला पट्टा चड्डी सांभाळायला ठेवा, माझ्यावर नाही चालणार. गेली नोकरी. पंधराव्या वर्षी बसमध्ये बसला आणि न्यूयॉर्कला भावाकडं, तिथनं फिलाडेल्फियाला. तिथं खाटीकखान्यात काम मिळालं, रक्त धुऊन मोरीत लोटायचं. कुणी नसलं की थंडीच्या खोलीत टांगलेल्या बैलाच्या धडावर हा ठोसे मारत बसायचा. आणि सकाळी पळायला जायचा तो आर्ट म्युझियमच्या पायऱ्यांवर.

आठवलं का काही? रॉकी पिक्चर, १९७६. मांसाच्या धडावर ठोसे, म्युझियमच्या पायऱ्या, सगळं याचंच. स्टॅलोनचा पिक्चर भारी आहे, मी पाच वेळा पाहिलाय, फ्रेझर त्यात दोन मिनिटं दिसतो पण. पण खोट्या रॉकीचा पुतळा फिलाडेल्फियात कधीचा उभा आहे, लोक तिथं रांग लावून सेल्फी काढतात, आणि त्याच शहरात खऱ्या फ्रेझरचा पुतळा उभा राहिला २०१५ साली. माणूस गेला २०११ ला. माझा नातू म्हणाला आजोबा तुम्ही पुतळ्याचं काय एवढं मनावर घेताय, इथं चौकाचौकात आहेत. त्याला काय बोलणार.

जिममध्ये हा गेला होता वजन कमी करायला! पोलिसांची एक व्यायामशाळा होती तिथं यँक डरहम नावाच्या ट्रेनरनं त्याला उचलला. १९६४ ला ऑलिंपिक ट्रायलमध्ये बस्टर मॅथिस नावाच्या अगडबंब बॉक्सरनं याला हरवलं, मग मॅथिसचं बोट दुखावलं आणि बदली म्हणून हा टोकियोला गेला. सेमीफायनलमध्ये याच्या स्वतःच्या डाव्या हाताचा अंगठा मोडला. कुणाला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर बसवला असता ना. मोडक्या अंगठ्यानं फायनल खेळला, जर्मनीच्या हान्स हूबरला ३-२ नं हरवलं, आणि त्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला बॉक्सिंगचं एवढं एकच गोल्ड. घरी आला तर हात प्लास्टरमध्ये, म्हणजे खाटीकखान्याचं काम पण बंद. मेडल गळ्यात आणि खिसा रिकामा. आपल्याकडच्या पैलवानांच्या घरी जाऊन बघा, गदा भिंतीला आणि खुराकाची उधारी वाण्याकडं, सेम टू सेम.

आता अलीचा विषय. १९६७ ला अलीनं व्हिएतनामच्या लढाईत जायला नकार दिला, त्याचा चॅम्पियनचा बेल्ट काढला, बॉक्सिंगचं लायसन काढलं. तुमच्या लेखात हे फार छान लिहिलंय आणि त्यात अलीचं जे धाडस होतं त्याला माझा पण सलाम. मग रिकाम्या गादीसाठी आठ जणांची टुर्नामेंट लावली, त्यात फ्रेझर उतरला नाही. त्यानं आपली वेगळी वाट धरली, १९६८ ला त्याच मॅथिसला नॉकआउट करून नुसत्या न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग कमिशननं मानलेला बेल्ट घेतला आणि १९७० च्या फेब्रुवारीत टुर्नामेंट जिंकलेल्या जिमी एलिसला पाडून पूर्ण चॅम्पियन झाला. आणि या सगळ्या काळात बसून असलेल्या अलीला यानं काय केलं, तर उसने पैसे दिले, आणि त्याचं लायसन परत द्या म्हणून थेट राष्ट्राध्यक्ष निक्सनकडं शब्द टाकला. आपल्या गादीचा सगळ्यात मोठा दावेदार, त्यालाच परत आखाड्यात आणायला हा धडपडतोय. हे तुमच्या लेखात एका ओळीत तरी यायला पाहिजे होतं.

त्याचे पांग अलीनं कसे फेडले? फाइट ठरली तसं टीव्हीवर बसून फ्रेझरला "अंकल टॉम" म्हणायला लागला, म्हणजे गोऱ्यांचा हुजऱ्या. कोण कुणाला म्हणतंय बघा. अली लुईव्हिलमधल्या बऱ्या घरातला, बाप साइनबोर्ड रंगवायचा, खाऊनपिऊन सुखी. आणि हा डुकराच्या गोठ्यातनं, पट्ट्याच्या धाकातनं वर आलेला. पण बोलण्यात अलीचा हात कोण धरणार, सगळी तरुण काळी पोरं अलीच्या बाजूनं, फ्रेझरला जिवे मारायच्या धमक्या आल्या, पोलीस बंदोबस्त लागला, पोरांना शाळेत चिडवलं. पुढं १९७५ च्या मनिलातल्या फाइटच्या वेळी तर "गोरिला" म्हणायला लागला, खिशातनं रबरी गोरिला काढून पत्रकारांसमोर त्याला ठोसे मारायचा आणि पत्रकार खो खो हसायचे. तुमच्या लेखात हे "अलीची मिश्किल विनोदबुद्धी" म्हणून चौकटीत दिलंय. साहेब, आपल्याकडं कुणी कुणाच्या जातीवरनं, रंगावरनं असं माइकवर बोललं तर तुम्ही अग्रलेख लिहाल, आणि बरोबरच आहे ते. मग तिकडचं असलं की मिश्किल कसं होतं?

१९७१ ची ती फाइट मी तेव्हा पाहिली नव्हती, कुठनं पाहणार, रेडिओवर बातमी ऐकली असेल नसेल. मी ती पाहिली दोन वर्षांपूर्वी, रात्री झोप येत नव्हती म्हणून नातवाच्या मोबाइलवर यूट्यूब लावलं आणि पंधराच्या पंधरा राउंड संपेपर्यंत बसलो. मंडळी उठून म्हणाली काय चाललंय रात्री दीड वाजता. दोघंही तोवर प्रोफेशनलमध्ये एकही फाइट न हरलेले. दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर, त्या काळात! गार्डनमध्ये तिकिटाला एवढी मारामारी की गायक फ्रँक सिनात्रा रिंगच्या कडेला बसला तो लाइफ मासिकाचा फोटोग्राफर म्हणून कॅमेरा घेऊन. अली सहा फूट तीन, फ्रेझर सहा फुटाला पण थोडा कमी, म्हणजे अलीचा लांब हात चुकवून आत शिरल्याशिवाय याचं काही चालणारच नाही. म्हणून हा कसा खेळायचा, तर हनुवटी छातीत, कंबरेतनं सतत डोलत, खाली वर खाली वर, इंजिनासारखा सुंसुं श्वास टाकत पुढं, मागं पाऊल नाहीच. एक ठोसा द्यायला तीन खायचे. स्मोकिंग नाव त्यावरनंच, ट्रेनर म्हणायचा ग्लोव्हजमधनं धूर निघाला पाहिजे. अली मान हलवून लोकांना दाखवायचा की लागलं नाही, काही नाही, आणि पुढच्या क्षणी परत बरगडीत बसलेली असायची.

आणि पंधरावा राउंड. अलीचा उजवा हात जरा खाली आला आणि फ्रेझरनं तो डावा हूक जवळजवळ जमिनीवरनं उचलून आणला. तो वाकडा हात, बापाचा हात. अली असा पडला की वाटलं संपलं. पण चार मोजायच्या आत उभा! ही अलीची कमाल आहे, ती पण मान्य करायला पाहिजे, दुसरा कोणी असता तर स्ट्रेचरच आणावं लागलं असतं. जबडा भोपळ्यासारखा सुजला होता पण शेवटपर्यंत उभा राहिला. निकाल तिन्ही पंचांच्या कार्डांवर फ्रेझर. आणि जिंकणारा इतका मोडला होता की नंतर दवाखान्यात पडून होता.

महिन्याभरानं साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळात त्याला भाषणाला बोलावलं. ज्या राज्यातनं पट्ट्याच्या भानगडीत बस धरून निघाला होता तिथं. आईसाठी त्यानं तिकडं मोठी जमीन घेतली, पूर्वी जिथं गुलाम राबायचे तसल्या मळ्यांपैकी एक. हे मला त्या डाव्या हुकापेक्षा भारी वाटतं.

मधलं भराभर सांगतो. १९७३ ला जमैकात किंग्स्टनला जॉर्ज फोरमननं दोन राउंडात सहा वेळा पाडून त्याचा बेल्ट घेतला, फ्रेझर पडला म्हणून कॉमेंटेटर हॉवर्ड कोसेलचं ते ओरडणं अजून लोक रील्सवर टाकतात. सहा वेळा पडला आणि सहा वेळा उठला हे कोणी टाकत नाही. १९७४ ला अलीबरोबर दुसरी फाइट, बारा राउंड, अली पॉइंटवर जिंकला, ती काही एवढी खास नव्हती.

तिसरी मात्र खास. १ ऑक्टोबर १९७५, मनिला. अमेरिकेत टीव्हीवर रात्री दिसावं म्हणून तिकडं सकाळी पावणेअकराला लावली, वर पत्र्यासारखं तापलेलं छत, आत माणसं ठासून भरलेली आणि दिव्यांचा उबारा. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये नुसतं उभं राहून बघा. त्यात चौदा राउंड. आणि एक गोष्ट फ्रेझरनं कित्येक वर्षं लपवून ठेवली होती, ती त्यानं नंतर स्वतःच सांगितली, त्याच्या डाव्या डोळ्याला मोतीबिंदू होता, त्या डोळ्यानं दिसायचंच कमी. मनिलात अलीच्या ठोशांनी उजवा डोळा सुजून बंद झाला. म्हणजे शेवटचे दोन राउंड हा माणूस जवळपास आंधळा लढला. समोरनं येणारा ठोसा दिसत नाही, लागल्यावर कळतो. तरी पुढंच जातोय.

चौदावा संपल्यावर कोपऱ्यात स्टुलावर बसवलं. डरहम तोवर वारला होता, कोपऱ्यात एडी फच. त्यानं किती बोटं दिसतात ते विचारलं आणि म्हणाला बस बाळा, संपलं, आज तू इथं जे केलंस ते कोणी विसरणार नाही. फ्रेझर उठायला बघतोय आणि तो खांद्यावर हात ठेवून खाली दाबतोय. मी पोरसवदा असताना तालमीत जायचो, एकदा आमच्या वस्तादांनी जत्रेच्या फडात आपल्याच पठ्ठ्याची कुस्ती मध्ये उडी मारून सोडवली होती, पोराची मान अडकली होती आणि ते चीत व्हायला तयार नव्हतं. लोकांनी वस्तादांना शिव्या घातल्या. ते पोरगं आज सत्तरीचं आहे, चावडीसमोर पानटपरी आहे त्याची. तिकडं एकच राउंड राहिला होता, तीन मिनिटं. समोरच्या कोपऱ्यात अलीची अवस्था पण अशी होती की निकाल लागल्यावर तो उभ्या उभ्या खाली कोसळला, नंतर स्वतः म्हणाला की मरणाच्या एवढ्या जवळ मी कधी गेलो नव्हतो. फचनं पंधरावा खेळू दिला असता तर काय झालं असतं यावर पन्नास वर्षं वाद चाललेत. मी फचच्या बाजूनं आहे. फ्रेझर मात्र शेवटपर्यंत म्हणायचा मला सोडायला पाहिजे होतं.

तुमच्या लेखात शेवटी लिहिलंय की "फ्रेझर आयुष्यभर कटुता बाळगून राहिला". नाव एकदाच आलं आणि ते पण इथं! हो, राहिला. १९९६ ला अटलांटात थरथरत्या हातानं अलीनं ऑलिंपिकची ज्योत पेटवली, सगळं जग रडलं, आणि हा म्हणाला मी असतो तर त्याला आगीत ढकललं असतं. वाईटच बोलला, त्याचं समर्थन मी करत नाही, आजारी माणसाबद्दल असं बोलू नये. पण मग २००१ साली अली न्यूयॉर्क टाइम्सला म्हणाला की भरात मी जो बद्दल नको ते बोललो, माफी मागतो. त्यावर फ्रेझरचं म्हणणं असं की माफी त्यानं पेपरची मागितली, माझी नाही. हे वाचलं आणि मला तुमची ती फोटोखालची ओळ आठवली.

शेवटी पैसे राहिले नाहीत. जमिनीच्या व्यवहारात गेले. अली शेवटपर्यंत राजासारखा, फोरमनची तर त्याच्या नावाची ग्रिल घरोघरी विकली गेली, आणि हा फिलाडेल्फियात नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर आपल्या जिमच्या वरच्या खोलीत राहायचा आणि खाली गल्लीतल्या पोरांना शिकवायचा. पोरगा मार्व्हिस बॉक्सर झाला, त्याला टायसननं १९८६ ला ३० सेकंदात झोपवलं. पोरगी जॅकी शिकून वकील झाली आणि २००१ ला, काय सांगू, ती रिंगमध्ये उतरली ती अलीच्या पोरीसमोर, लैलासमोर, आणि हरली. नंतर फिलाडेल्फियात जज झाली ती. जिम २००८ ला बंद पडली आणि तिथं फर्निचरचं दुकान लागलं. ज्या जागेत जगाचा चॅम्पियन घाम गाळत होता तिथं सोफासेट आणि गाद्या, डिस्काउंटमध्ये. ७ नोव्हेंबर २०११ ला लिव्हरच्या कॅन्सरनं गेला, ६७ वय. अंत्यविधीला अली आला होता, त्या अवस्थेत आला होता, हे पण लिहायला पाहिजे.

प्रोफेशनलमध्ये ३७ फाइट, ३२ जिंकल्या, त्यातल्या २७ नॉकआउट. हरला फक्त चार वेळा, दोनदा अलीकडनं, दोनदा फोरमनकडनं, तिसऱ्या कुणाकडनं नाहीच, आणि एक बरोबरी ती पण शेवटची, वय झाल्यावर उगाच परत उतरला तेव्हाची. एवढा हिशोब चौकटीत बसला असता, तुम्ही तिथं अलीच्या चारोळ्या टाकल्यात.

तर विनंती एवढीच की येत्या रविवारी एक दुरुस्ती छापावी. फोटो परत टाकायची गरज नाही, जागा महाग असते मला माहितीये, नुसती ओळ चालेल. ओळ मी देतो: "गेल्या रविवारी पान ३ वरील छायाचित्रात उभे असलेले मुष्टियोद्धे जो फ्रेझर असून सदर लढत त्यांनी जिंकली होती." आणि फ्रेझर लिहिताना झ लिहा, तुमच्या लेखात एकदा आलेलं नाव "फ्रेजर" असं छापलंय.

कळावे,
आपला तीस वर्षांचा वर्गणीदार,
सांगली